कोॲक्स केबल किती गीगाहर्ट्झपर्यंत चालते? सूत्रातला आकडा आणि खांबावरचा आकडा

तासगावच्या एका बागायतदार तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरापासून द्राक्षबाग दोन किलोमीटरवर. बागेतले कॅमेरे आणि हवामानयंत्र घरी दिसावं म्हणून त्यांनी ५.८ गीगाहर्ट्झची वायरलेस जोडणी घेतली. रेडिओ खोलीत ठेवला, अँटेना गच्चीवरच्या खांबावर चढवली आणि मध्ये २० मीटर आरजी-५८ केबल ओढली. लिंक लागत नाही. दुकानदार म्हणाला, ही केबल १ गीगाहर्ट्झपर्यंतच चालते. इंजिनिअरिंगला असलेल्या बहिणीने पुस्तकातलं सूत्र लावलं, तर उत्तर ३३ गीगाहर्ट्झ आलं. मग खरं काय, आणि जाड केबल घेतली तर मर्यादा वाढेल का?

बहिणीचं गणित बरोबर आहे, तिला तसं नक्की सांगा. दुकानदारानेही फसवलेलं नाही. पण तुमच्या गच्चीवर या दोन्ही आकड्यांचा उपयोग नाही, कारण दोघांनीही केबलची लांबी विचारलेली नाही. याच आरजी-५८ चा अर्ध्या मीटरचा तुकडा ५.८ गीगाहर्ट्झला लावला असता, तर एक डेसिबलही (सिग्नल किती घटला हे मोजायचं माप) गेला नसता आणि तुमची लिंक लागली असती. २० मीटरला तीच केबल तुमचा सिग्नल खाऊन टाकते. मी तीस वर्षं सांगली-मिरज भागात आधी केबल टीव्हीच्या आणि नंतर वायरलेसच्या लाइनी टाकल्या. त्यात सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले पाहिले ते ‘ही केबल कितीपर्यंत चालते’ एवढंच विचारून खरेदी केल्यामुळे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खालच्या टोकाचं पटकन उरकतो. कोॲक्सला खालची मर्यादा जवळपास नाहीच. आत एक तार, भोवती नळीसारखा दुसरा वाहक (बहुधा विणलेली जाळी), म्हणजे दोन वाहक असल्यामुळे त्यातून बॅटरीचा सरळ प्रवाहसुद्धा जातो. तुमच्या डीटीएचच्या छत्रीकडे जाणारी एकच केबल पाहा. तिच्यातून वर १३ किंवा १८ व्होल्ट जातात, त्याच तारेवर २२ किलोहर्ट्झचा इशारा जातो, आणि खाली ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल येतो. सगळं एकाच वेळी, एकमेकांच्या पायात न येता. आपल्या आकाशवाणी सांगलीचं १२५१ किलोहर्ट्झ घ्या, नाहीतर याहून खाली या, कोॲक्स अडत नाही. फार खाली, श्राव्य फ्रिक्वेन्सीपर्यंत गेलं की तिचा इम्पिडन्स, म्हणजे लहरीला जाणवणारा रोध, ५० ओहम राहत नाही आणि जाळीचं संरक्षण कमकुवत पडतं, एवढंच.

वरच्या टोकाला मात्र खरी मर्यादा आहे, आणि बहिणीने काढलेला आकडा तिचाच. नेहमीच्या पद्धतीने लहर जाते तेव्हा विद्युत क्षेत्र आतल्या तारेपासून बाहेरच्या जाळीकडे चहूबाजूंनी सारखं पसरलेलं असतं, चाकाच्या आऱ्यांसारखं. फ्रिक्वेन्सी वाढत जाते तशी तरंगलांबी आखूड होत जाते. ती इतकी आखूड झाली की तार आणि जाळी यांच्या मधल्या गोल जागेच्या सरासरी परिघाएवढी भरली, की लहरीला दुसरी एक वाट मोकळी होते. आता क्षेत्र सगळीकडे सारखं असण्याची गरज उरत नाही. एका बाजूला बाहेरच्या दिशेने, समोरच्या बाजूला आतल्या दिशेने, अशी एक पूर्ण लहर त्या वर्तुळाभोवतीच बसते. या दुसऱ्या पद्धतीला पुस्तकात टीई-११ मोड म्हणतात.

गणित हातावर करता येईल इतकं सोपं आहे. आतल्या तारेचा व्यास आणि बाहेरच्या वाहकाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन बेरीज करा. १९१ ला त्या बेरजेने भागा. आलेल्या उत्तराला केबलच्या वेग-गुणकाने, म्हणजे तिच्यातून लहर प्रकाशाच्या वेगाच्या किती पट वेगाने जाते त्या आकड्याने, गुणा. उत्तर थेट गीगाहर्ट्झमध्ये. आरजी-५८ मध्ये ०.९ आणि २.९५, बेरीज ३.८५, भागाकार ४९.६. साध्या पॉलिथीनचा वेग-गुणक ०.६६. उत्तर सुमारे ३३. बहिणीचा आकडा तो हाच.

या आकड्याच्या वर नेमकं काय होतं? सिग्नल थांबत नाही, आणि माणसं फसतात ती इथेच. केबल सरळ असेल आणि तार अगदी मधोमध असेल, तर दुसरी वाट मोकळी असूनही लहर तिकडे वळत नाही. पण तशी केबल कोणी पाहिली आहे? कोपऱ्यावरचं वळण, कनेक्टरमध्ये केसभर बाजूला सरकलेली पिन, क्लिपाने दाबलेली जागा, अशा प्रत्येक ठिकाणी थोडी ऊर्जा दुसऱ्या मोडमध्ये शिरते. दोन्ही मोडचा वेग वेगळा. पुढच्या वळणावर ती ऊर्जा परत येऊन मिसळते, तेव्हा कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. मोजायला बसलं की काही फ्रिक्वेन्सींना सिग्नल ठीक दिसतो आणि शेजारीच खोल खड्डा पडलेला असतो. केबल हलवली की खड्डा जागा बदलतो. ज्या गोष्टीचा उद्या भरवसा नाही तिच्यावर लिंक बांधता येत नाही. म्हणून चांगले उत्पादक गणितातल्या आकड्याच्या थोडं खालीच थांबतात. प्रयोगशाळेत ७ मिलिमीटर व्यासाची, आत हवा असलेली कोॲक्स लाइन वापरतात. तिची आतली तार सुमारे ३ मिलिमीटरची, म्हणजे गणिताने १९ गीगाहर्ट्झ येतात, पण ती वापरतात १८ पर्यंत.

आता तुमचा जाड केबलचा प्रश्न. वरचं सूत्र पुन्हा पाहा: व्यास खाली, भागणाऱ्याच्या जागी आहेत. म्हणजे केबल जितकी जाड, तितकी ही मर्यादा खाली. आरजी-२१३ घेतली तर २.२५ आणि ७.२५ ची बेरीज ९.५ आणि उत्तर १३ च्या थोडं वर. एलएमआर-४०० तेवढीच जाड, पण आत फोम असल्याने वेग-गुणक ०.८५, म्हणून १६ च्या आसपास. टॉवरवरची ७/८ इंची केबल साधारण ५ गीगाहर्ट्झला थांबते, आणि १ ५/८ इंची मनगटाएवढी केबल अडीच गीगाहर्ट्झच्या आसपास. एफएम प्रसारणाला, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, जाड केबल उत्तम. पण ती मनगटाएवढी केबल ५.८ गीगाहर्ट्झला लावली तर तुमची फ्रिक्वेन्सी तिच्या मोडच्या मर्यादेच्या दुपटीहून वर असेल. भंगारात स्वस्त मिळाली म्हणून टॉवरची जाड केबल ५.८ च्या डिशला जोडलेली मी कुपवाडमध्ये पाहिली आहे. ज्यांनी जोडली त्यांचा हिशेब साधा होता: जाड म्हणजे चांगली. महिनाभर ते अँटेनाची दिशा बदलत बसले.

तुमचा घोळ मात्र मोडचा नाही. ५.८ हा आकडा ३३ च्या कितीतरी खाली आहे. तुमची अडचण लॉसची, म्हणजे केबलमध्ये घटणाऱ्या सिग्नलची आहे, आणि नव्वद टक्के लोकांची तीच असते.

नव्वदच्या दशकात केबल टीव्हीच्या लाइनी ओढल्या तेव्हा हे शिकायला पुस्तक लागलं नाही. मिरजेत एका पेठेत लाइन नेली. कंट्रोल रूमजवळच्या घरात सगळे चॅनल काचेसारखे. गल्लीच्या टोकाच्या घरात खालचे चॅनल तसेच स्वच्छ, आणि वरच्या चॅनलवर नुसत्या मुंग्या. बूस्टरचा आवाका वाढवला की वरचे सुधारायचे, पण खालचे इतके जोरात व्हायचे की चित्रावर चित्र चढायचं. आरजी-६ केबल ५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे ५ डेसिबलच्या आसपास खाते आणि ५५० मेगाहर्ट्झला १५ च्या पुढे. केबल तीच, लांबी तीच, पण दोन्ही चॅनलना लागणारा कर वेगळा. म्हणून बूस्टरमध्ये इक्वलायझर असतो. तो मुद्दाम खालचे चॅनल दाबतो, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. त्या काळी माझ्याकडे स्पेक्ट्रम ॲनालायझर नव्हता. कुठल्या चॅनलपासून मुंग्या सुरू होतात यावरून मी केबल किती मीटर गेली आहे याचा अंदाज बांधायचो, आणि तो फारसा चुकायचा नाही.

हे का होतं? जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तांब्याच्या गाभ्यातून जातच नाही, तो कातडीवरून धावतो. १ मेगाहर्ट्झला ही कातडी ६६ मायक्रॉन जाडीची, १०० मेगाहर्ट्झला ६.६ आणि १० गीगाहर्ट्झला जेमतेम ०.६६ मायक्रॉन. फ्रिक्वेन्सी शंभरपट झाली की वापरात येणारं तांबं दहापट पातळ होतं आणि रोध दहापट वाढतो. लॉसचा हा भाग फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. दुसरा भाग इन्सुलेशनचा. तो खाली नगण्य असतो, पण थेट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून काही गीगाहर्ट्झनंतर तोही जाणवायला लागतो. फोमच्या केबलमध्ये प्लास्टिक कमी, हवा जास्त, त्यामुळे हा भाग कमी होतो. शिवाय त्याच इम्पिडन्ससाठी आतली तार जाड घेता येते, आणि खरी बचत तिथे होते.

आता तुमच्या २० मीटरचा हिशेब. आरजी-५८ चा लॉस १०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे १६ डेसिबलच्या आसपास, १ गीगाहर्ट्झला साधारण ६०, आणि ५.८ गीगाहर्ट्झला १७० च्या घरात. तुमच्या वाट्याला आले ३४ डेसिबल. ३४ डेसिबल म्हणजे अडीच हजार भागांतला एकच भाग उरतो. रेडिओने ५०० मिलिवॉट पाठवले तर अँटेनापर्यंत ०.२ मिलिवॉट पोहोचतात. बागेकडून येणाऱ्या सिग्नलचंही तेच, आणि ते जास्त वाईट, कारण तो आधीच अगदी क्षीण असतो. पहिल्या अँप्लिफायरच्या आधी जे गेलं ते गेलं. पुढे कितीही वाढवलं तरी सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. एलएमआर-४०० टाकली असती तर २० मीटरला ७ डेसिबल, म्हणजे पाचातला एक भाग वर गेला असता. दोन किलोमीटरला लिंक कदाचित लागली असती, पण त्या केबलचे आणि कनेक्टरचे पैसे पाहता मी ते सुचवणार नाही.

दुकानदाराचा १ गीगाहर्ट्झ कुठून आला, तेही यावरून कळेल. आरजी-५८ च्या लॉसचा छापील तक्ता बहुधा १ गीगाहर्ट्झला संपतो, कारण त्यापुढे नेहमीच्या लांबीला ती कोणी वापरू नये असं बनवणाऱ्यालाही वाटतं. तक्ता संपला म्हणून केबल संपत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण कोॲक्सच्या मर्यादेचं सगळं मर्म तिच्यात आहे. केबलची जाडी दुप्पट केली की लॉस साधारण निम्मा होतो, आणि मोडची मर्यादाही निम्मी होते. लॉसपासून पळावं तर मोड आडवा येतो, मोडपासून पळावं तर लॉस. १०० मेगाहर्ट्झला दोघांच्या मध्ये भरपूर जागा असते. ५ गीगाहर्ट्झला ती अरुंद होते. ११० गीगाहर्ट्झपर्यंत जायचं तर बाहेरच्या वाहकाचा आतला व्यास १ मिलिमीटरवर आणावा लागतो आणि आतली तार अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. अशा केबली वितीच्या हिशेबाने वापरतात, वाव किंवा मीटरच्या नाही.

म्हणूनच जगाने केबल सुधारत बसण्याऐवजी जास्तीची फ्रिक्वेन्सी केबलमध्ये घालणंच टाळलं. याचं उदाहरण तुमच्या गच्चीवर आहे. उपग्रहाचा सिग्नल ११-१२ गीगाहर्ट्झला येतो. आरजी-६ ची मोडची मर्यादा २८ गीगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे कागदावर तो सिग्नल थेट खाली आणता आला असता. पण २० मीटरमध्ये पंधरा-सोळा डेसिबल किंवा जास्त गेले असते आणि चित्र दिसलंच नसतं. म्हणून छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी आधी सिग्नल वाढवतो, मग तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो आणि मगच केबलमध्ये सोडतो. मोबाइल टॉवरचंही हेच झालं. पूर्वी रेडिओ खाली खोलीत असायचा आणि जाड केबली वर जायच्या. आता रेडिओ अँटेनाच्या पाठीला लागला आहे आणि वर जातात ऑप्टिकल फायबर आणि वीज. आपल्याकडच्या ५जी चा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. तिथे ती मनगटाएवढी केबल मोडमुळेच बाद होते.

कनेक्टरकडे लोक दुर्लक्ष करतात, पण बऱ्याचदा खरी मर्यादा तोच ठरवतो. सीबी आणि हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा पीएल-२५९ कनेक्टर तीनशे मेगाहर्ट्झच्या वर वापरू नये. त्याच्या आत इम्पिडन्स धरून ठेवलेलाच नाही. बीएनसी ४ गीगाहर्ट्झपर्यंत, एन-टाइप ११ पर्यंत आणि चांगला घडवलेला १८ पर्यंत, एसएमए १८ पर्यंत. हे आकडे चांगल्या मालाचे. बाजारात सुट्टा मिळणारा एसएमए हातात घेऊन पाहा: पिन मधोमध आहे का, आतलं पांढरं टेफ्लॉन काठाशी सपाट आहे का. पिन अर्धा मिलिमीटर आत राहिली तर १०० मेगाहर्ट्झला कळतही नाही, ५.८ ला मात्र तिथूनच सिग्नल परत फिरतो. आणि कनेक्टरची कडी क्रिंपरने दाबा, साध्या पकडीने नको.

तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेबद्दलही विचारतात. आरजी-६ मध्ये आतली तार बहुतेक तशीच असते. टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीला ती अस्सल तांब्याइतकीच चांगली, कारण प्रवाह मुलाम्यातूनच धावतो, आतल्या लोखंडापर्यंत जात नाही. पण एलएनबीला वीज देताना पूर्ण तार वापरली जाते आणि लोखंडाचा रोध आडवा येतो. लांब लाइनवर छत्री रात्री-अपरात्री बंद पडते ती बऱ्याचदा यामुळे. म्हणजे याच केबलला वर अडचण नाही आणि खाली आहे.

आणि केबलची मर्यादा वयाबरोबर उतरते, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने शिकवलं. पूर ओसरल्यावर सांगलीच्या गावभागातल्या एका इमारतीत केबली तपासायला गेलो. मल्टिमीटरवर सगळं ठीक: तार सलग, जाळी सलग, शॉर्ट नाही. बहुतेक घरांत खालचे चॅनल येत होते. वरचे गायब, आणि वायरलेसची लिंक पूर्ण मेलेली. एक केबल कापली तेव्हा जाळीतून थेंब ओघळला. पाणी उघड्या टोकातून शिरून जाळीच्या विणीतून वातीसारखं चढलं होतं, पुराच्या रेषेच्या दीड-दोन मीटर वरपर्यंत. पाण्याचे रेणू विद्युत क्षेत्राबरोबर मान वळवत राहतात आणि ऊर्जा उष्णतेत जिरवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन याच गुणावर चालतो. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकं हे जिरणं जास्त. मल्टिमीटर सरळ प्रवाहाने मोजतो, त्याला यातलं काही दिसत नाही. आम्ही टोकाकडून अर्धा-अर्धा मीटर कापत गेलो, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. ज्या केबली वाळल्या म्हणून तशाच ठेवल्या, त्यांची जाळी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काळी-हिरवी पडली आणि त्या बदलाव्याच लागल्या.

तुमच्याकडे नॅनो-व्हीएनए, म्हणजे केबलमध्ये सिग्नल सोडून परत येणारा मोजणारं छोटं यंत्र, आणता आलं, कॉलेजमधून बहिणीला मिळू शकेल, तर एक मोजणी करा. केबलचं दूरचं टोक शॉर्ट करा, जवळच्या टोकाला परत येणारा सिग्नल मोजा आणि डेसिबल निम्मे करा, कारण सिग्नल जाऊन परत आलेला असतो. साध्या यंत्रावर हे शंभर आणि नऊशे मेगाहर्ट्झला मोजलं तरी चालेल. नऊशेचा लॉस शंभरच्या तिपटीच्या थोडा वर असेल तर केबल निरोगी. सहा-सात पट निघाला तर आत पाणी आहे किंवा माल हलका आहे.

आता तुमच्या खांबाचं. २० मीटर कोॲक्स काढून टाका. रेडिओ हवाबंद डब्यात घालून अँटेनाच्या मागेच खांबावर बसवा, किंवा ज्यात रेडिओ अँटेनातच असतो तसा एकत्रित संच घ्या. खोलीतून वर फक्त बाहेर वापरायची इथरनेट केबल न्या, तिच्यातूनच वीज द्या. ही केबल १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. रेडिओ आणि अँटेनामध्ये कोॲक्स लागलीच तर अर्ध्या मीटरच्या आतली. तुमच्याकडच्या आरजी-५८ चा तुकडा चालेल, पण कनेक्टर मात्र चांगले घ्या. जोडावर स्वतःतच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि कौलांसारखं पाणी बाहेर ओघळतं. केबल डब्यात खालच्या बाजूनेच घ्या आणि आत शिरण्यापूर्वी तिला एक लोंबता वळसा द्या. जूनच्या पहिल्या पावसात थेंब त्या वळशाच्या तळातून गळून जाईल. खांबाला अर्थिंगही याच वेळी करून घ्या; तासगावच्या माळावर वळवाच्या विजा उंच खांब सोडत नाहीत.